दोन पिस्टन गेले, आता स्टीलच्या दातांचा घेऊ का?

रानवाट:
एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी खेळाची गन) एम ४ आहे माझी, व्हर्जन २ गिअरबॉक्स. एम १०० स्प्रिंग काढून जास्त कडक एम १२० टाकली आणि ७.४ च्या जागी ११.१ व्होल्टची लायपो बॅटरी लावली, बाकी आत काहीच बदललं नाही. तीन-चार मॅगझिन झाल्यावर मोटर नुसतीच फिरायला लागली, उघडून बघतो तर पिस्टनचे दात साफ. नवीन पिस्टन टाकला तर तोही दुसऱ्याच दिवशी गेला, आणि दोन्ही वेळा सुरुवातीचेच दोन-तीन दात उडालेत. शिवाय शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, आधी नव्हता. आता सगळे दात स्टीलचे असलेला पिस्टन घेऊ की गिअर बदलू? खूप दिवस पैसे साठवून घेतलीये ही गन, तिसऱ्यांदा मोडायची नाहीये.

पान्हा:
स्टीलचा आत्ता अजिबात घेऊ नकोस. पिस्टन वाचेल पण तोच मार मग सेक्टर गिअर (पिस्टनला मागे ओढणारा) खाणार, आणि पिस्टन जड झाला की सिलिंडर हेडवर (सिलिंडरच्या पुढच्या झाकणावर) जास्त जोरात आदळतो. व्हर्जन २ ची शेल (गिअरबॉक्सचं कवच) पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीच्या कोपऱ्यात तडकते ती अशानेच.

सुरुवातीचेच दात जातायत म्हणजे माझ्या मते एओई (अँगल ऑफ एंगेजमेंट, दात एकमेकांना भेटतात तो कोन) चुकलाय, सेक्टरचा पहिला दात पिस्टनच्या पहिल्या दाताला सपाट न भेटता वरवर टोकाला लागतोय. एम १०० ला हे खपून जातं, एम १२० ला नाही. बघायचं असं: स्प्रिंग न घालता अर्ध्या शेलमध्ये सिलिंडर, हेड, पिस्टन आणि फक्त सेक्टर गिअर ठेव, पिस्टन पूर्ण पुढे ढकल आणि गिअर हाताने हळू फिरव. दात तिरका लागत असेल तर सिलिंडर हेडवर जाड रबर पॅड चिकटव म्हणजे पिस्टन थोडा मागे थांबतो (जुनं रबर नि गोंद खरवडून अल्कोहोलने पुसून घे, नाहीतर पॅड निघून येतं). पॅड किती जाड ते दात बघूनच ठरव. मग पिस्टनचा दुसरा दात घासून काढ, पहिला म्हणजे हेडपासून सगळ्यात लांबचा. गिअर १८:१ चेच (मोटरचे साधारण १८ फेरे, सेक्टरचा एक) राहू दे, एम १२० आरामात ओढतात.

आणि उघडताना बॅटरी आणि मॅगझिन काढलेलं, डोळ्यावर गॉगल, अँटी रिव्हर्सल लॅच (गिअर उलटा फिरू न देणारा खटका) सोडून स्प्रिंग मोकळी केलेली. स्प्रिंग उडाली की सुट्टे शिम (गिअरखालच्या पातळ चकत्या) शोधत बसावं लागतं.

सेमी_ओन्ली:
पान्हाशी सहमत, पण ११.१ चं पण बघ रे. फुल ऑटोत (ट्रिगर दाबून सलग मारताना) पिस्टन पूर्ण पुढे पोचायच्या आत सेक्टर फिरून आला तर चालत्या पिस्टनलाच पकडतो, मग दात उडणारच. तुझे सुरुवातीचे गेलेत म्हणजे आत्ता ते कारण नसावं, पण एओई नीट होईपर्यंत ७.४ वरच चालव. मॉसफेट (मोटरचा करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसताना ११.१ लावलीस तर ट्रिगर काँटॅक्ट जळून काळे पडतात ते वेगळंच.

अजून एक, एम १२० कशाला हवीये? ०.२० ग्रॅमच्या बीबीला (गोळीला) १०० मीटर प्रति सेकंद म्हणजे १ ज्यूल, १२० म्हणजे १.४४. वेग २० टक्के वाढवलास की ऊर्जा ४४ टक्के वाढते, मैदानाची मर्यादा आधी विचार. खूपदा स्प्रिंग बरी असते, हवाच गळत असते. नॉझलवर बोट दाबून पिस्टन ढकल, फुसकन पुढे गेला तर ओ रिंग (पिस्टनच्या तोंडावरची रबरी रिंग) बदल, किंवा रिंगखाली टेफलॉन टेपचा एक वेढा दे.

धुळधाण_४२:
शिट्टीच्या आवाजाचं कोणी बोललंच नाही, ते शिमिंग किंवा मोटर हाइट असणार. आधी सोपं कर, ग्रिपच्या तळाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून बघ, बारीक किंचाळतेय तर मोटर जास्त वर दाबलीये, घरघर आली तर खाली. त्याने नाही गेला तर शिम. मी आधी स्पर (मधला गिअर), मग सेक्टर आणि शेवटी बेव्हल (मोटरकडचा गिअर) मोटरच्या पिनियनला (टोकाच्या छोट्या गिअरला) जुळवतो, काही जण बेव्हलपासून सुरू करतात, तेही चालतं. सगळे स्क्रू आवळून गिअर बोटाने मोकळे फिरले पाहिजेत पण वरखाली हलता कामा नयेत. ग्रीस गिअरला लिथियमचं, सिलिंडरला सिलिकॉनचं, दोन्हीकडे अगदी पातळ, मोटरकडे काहीच जाऊ देऊ नकोस.

रानवाट:
उघडलं. पान्हादादा म्हणाले तसंच, दात अर्धाच लागत होता. पॅड लावलं, दुसरा दात घासला, एम १०० परत टाकली आणि नॉझलवर बोट ठेवलं तर पिस्टन सरळ पुढे, ओ रिंगला बारीक चीर होती. म्हणजे मी इतके दिवस गळकी गन जोरात मारायला लावत होतो, फार वाईट वाटलं. रिंग बदलली, आता अडतो. आवाज स्क्रूने कमी झाला पण पूर्ण गेला नाही, स्पर वरखाली हलतोय. ०.१ चे शिम मागवलेत, आले की सांगतो.