पासवर भर देणाऱ्या आक्रमणापुढे बचावाने नेमके काय बदलावे?

बचावप्रेमी:
गेली काही वर्षे मी एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने मुद्दाम बचावाच्या बाजूने पाहत आलो आहे. १९७८ साली पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्का देण्यास मनाई झाली, त्याच वर्षी आक्रमक फळीला क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्याचे) रक्षण करताना हात लांब करून उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली, आणि २००४ पासून पहिल्या नियमाची अंमलबजावणी अधिक कडक झाली. नियमांचा कल पासच्या बाजूचा आहे, हे उघड आहे. त्यावर संघांनी शोधलेला उपाय म्हणजे एक लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) कमी करून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा) उतरवणे. ही 'निकेल' रचना एकेकाळी तिसऱ्या डाऊनपुरती (डाऊन म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) होती, आज तीच मूळ रचना झाली आहे. तरीही चांगला क्वार्टरबॅक तिला भेदतोच. मग सहावा बॅक आणावा, की ब्लिट्झ (नेहमीच्या चारांहून अधिक जणांना क्वार्टरबॅकवर धाडणे) वाढवावे? जाणकारांनी कारणांसहित लिहावे, ही विनंती.

तिसरा डाऊन:
माझ्या मते प्रश्न बॅकच्या संख्येचा नसून वेळेचा आहे. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू साधारण अडीच ते पावणेतीन सेकंदांत सुटतो, आणि तेवढ्या वेळात केवळ चार खेळाडूंनी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची ताकद ज्या संघाकडे आहे, त्याला मागे सात जण ठेवता येतात. पाच रिसीव्हरांविरुद्ध सात जण, हे गणित बचावाच्या बाजूचे आहे. ब्लिट्झमध्ये पाच किंवा सहा जण पुढे धाडले की हेच गणित बिघडते, आणि अनुभवी क्वार्टरबॅक धावून आलेल्या खेळाडूने मोकळी केलेली जागा तत्काळ हेरतो.

फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल आठवावा. न्यू इंग्लंडने त्या हंगामात ५८९ गुण करून सोळाही सामने जिंकले होते, पण अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना १४ गुणांवर रोखले आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला पाच वेळा सॅक केले, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडले. त्यात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती जायंट्सच्या जस्टिन टकची योजना. तो मूळचा कडेचा खेळाडू, पण पासच्या डाऊनवर त्याला आत आणून गार्डसमोर (आक्रमक फळीच्या मधल्या भागातील खेळाडूसमोर) उभे केले गेले. गार्डची सवय जड, सरळ रेटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याची असते, त्यामुळे चपळ खेळाडूपुढे तो अडखळतो. शिवाय कडेने आलेला दबाव पुढे सरकून चुकवता येतो, मधून आलेल्या दबावापुढे मात्र क्वार्टरबॅकला पाय रोवायलाच जागा उरत नाही. म्हणून सहाव्या बॅकवर खर्च करण्याआधी चार चांगले पासरशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे बचावपटू) उभे करावेत, असे माझे ठाम मत आहे.

रेषेजवळचा:
वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, मात्र धावेचा विचार राहून गेला आहे. मागे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवले की खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेजवळ सहाच जण उरतात, आणि सात ब्लॉकर असलेले आक्रमण चेंडू धावपटूच्या हाती देते. २०२४ च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीने २००५ आणि बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने १९२१ यार्ड धावून काढले. आक्रमणे पुन्हा धावेकडे वळू लागली आहेत, याची ही खूण मानावी लागेल.

म्हणून पाचवा बॅक निवडताना केवळ वेग पाहून भागत नाही, त्याला टॅकल करता, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडता, आले पाहिजे. बाल्टिमोरच्या काइल हॅमिल्टनसारखा उंच, धिप्पाड सेफ्टी स्लॉटमध्येही (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर) खेळू शकतो, रेषेजवळ येऊन धावही थांबवतो आणि पुढच्याच डाऊनला खोलवर जातो. असा एक खेळाडू असला की आक्रमणाने कोणतेही खेळाडू मैदानात आणले तरी बचावाला अदलाबदल करावी लागत नाही. आजच्या घाईच्या, हडल (दोन डाऊनच्या मध्ये घोळका करून ठरवणे) न करता चालणाऱ्या आक्रमणांपुढे ही बाब फार मोलाची आहे.

दोन सेफ्टी:
आणखी एक मुद्दा मांडतो. डाऊन सुरू होण्यापूर्वी क्वार्टरबॅकला जे चित्र दिसते, ते सुरू झाल्यावर खरे ठरू नये. रेषेवर सहा जण उभे करावेत, प्रत्यक्षात चारच पाठवावेत, आणि त्या चारांत एखादा लाइनबॅकर किंवा बॅक असावा, तर कडेचा एखादा पासरशर मागे सरकून आखूड पासची वाट अडवावी. संरक्षण कुठल्या बाजूला वळवायचे, हेच मग आक्रमक फळीला ठरवता येत नाही. बचावाचे प्रशिक्षक माइक मॅकडॉनल्ड यांच्या संघाने २०२३ साली बाल्टिमोरसाठी याचा भरपूर वापर केला, आणि सर्वांत कमी गुण देणे, सर्वाधिक सॅक करणे व सर्वाधिक वेळा चेंडू हिरावणे या तिन्ही बाबतींत तो संघ लीगमध्ये अव्वल राहिला.

बचावप्रेमी:
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेने कॅन्सस सिटीला ३१-९ असे हरवले, तेव्हा त्यांनीही फारसे ब्लिट्झ केले नव्हते. पण कॅन्ससचे दोन्ही नियमित टॅकल (आक्रमक फळीच्या दोन टोकांचे खेळाडू) दुखापतीमुळे बाहेर होते. मग चार जणांचा दबाव कितपत स्वबळाचा आणि कितपत समोरच्याच्या दुबळेपणाचा?

तिसरा डाऊन:
शंका रास्त आहे. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये बचावाचे प्रशिक्षक विक फॅन्जिओ यांच्या फिलाडेल्फियाने एकही ब्लिट्झ न करता कॅन्ससचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला सहा वेळा सॅक केले आणि सामना ४०-२२ असा जिंकला, तेव्हाही कॅन्ससच्या डाव्या टॅकलच्या जागी मूळचा गार्ड खेळत होता. मात्र न्यू इंग्लंडची २००७ ची फळी त्या काळातील उत्तम फळ्यांपैकी होती आणि तीही कोसळली. म्हणून मी असे म्हणेन की प्रत्येक सामन्याआधी समोरच्या फळीतील सर्वांत कच्चा दुवा शोधावा आणि आपला सर्वोत्तम पासरशर त्याच्यासमोर उभा करावा, मग ती जागा कडेची असो वा मधली. जे प्रशिक्षक आपल्या मुख्य खेळाडूला एकाच बाजूला खिळवून ठेवतात, ते ही संधी दर आठवड्याला हातची घालवतात.