भोसल्यांच्या मुद्रा आणि संस्थानांची ढालीची चिन्हे: क्रम कसा लावायचा?

पानगळ

वाचनालयातल्या छोट्या प्रदर्शनासाठी ‘मुद्रा ते राजचिन्ह’ असा फलक तयार करायचा आहे. सुरुवात शहाजीराजांच्या पिढीपासून आणि शेवट संस्थानी काळातल्या ढालीच्या चिन्हांवर. हाताशी मोडी कागदांचे पंधरा-वीस फोटो आहेत. बऱ्याच ठशांचा अर्धा भाग पुसलेला आहे. अडचणी अशा:

१. अर्धवट ठसा कोणाचा हे कसे ठरवायचे? ‘वर्धिष्णु’ एवढाच शब्द तीन फोटोंत लागतो. ते सगळे शिवाजी महाराजांचे धरायचे का?
२. एका फोटोखाली ‘शिवकालीन पत्र’ असे लिहिले आहे. त्यात ‘राज्याभिषेक शके ४४’ आणि ठशात ‘शिवराज’ वाचता येते. हे बरोबर आहे का?
३. साताऱ्याच्या छत्रपतींचे म्हणून सिंह, ढाल, मुकुट असलेले एक रंगीत चिन्ह नेटवर फिरते. ते फलकावर घ्यावे का?
४. मुद्रेची प्रतिकृती लाकडात कोरून घ्यायची आहे. मजकूर कोणता द्यावा?

---

दौतटाक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो एका बेरजेत सुटतो. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे ६ जून १६७४ पासून मोजतात. शकाच्या आकड्यात जून ते डिसेंबरसाठी १६७३ आणि जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत १६७४ मिळवायचे. ४४ म्हणजे १७१७-१८. शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८०चे, तेव्हा शक ६ चालू होता. म्हणून राज्याभिषेक शकाचा आकडा ६ च्या पुढे गेला की ते पत्र थोरल्या महाराजांचे नाही. खाली कोणी काहीही लिहिलेले असो.

मग ‘शिवराज’ कोण? सातारचे शाहू महाराज. त्यांचे मूळ नाव शिवाजी, आणि मुद्रेत तेच नाव आहे. ती मुद्रा ‘वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी’ अशी सुरू होते, पुढच्या अर्ध्यात ‘शंभुसूनोः’ आणि ‘शिवराजस्य’ येते. तुमच्या तीन ‘वर्धिष्णु’ ठशांतला किमान एक हाच असणार, बहुधा हाच फोटो.

आता पहिला प्रश्न. भोसल्यांच्या मुद्रा ओळखताना पहिला शब्द बघायची सवय सोडा. बापाचे नाव शोधा. ‘सूनोः’ (पुत्राची), ‘जातस्य’ (पोटी जन्मलेल्याची) या अक्षरांच्या आधी काय आहे ते वाचले की मुद्रा कोणाची हे ठरते.

शिवाजी महाराज: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥’ अष्टकोनी. रांझ्याच्या पाटलाबद्दलचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र याच मुद्रेचे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, अशी उपमा.

संभाजी महाराज: ‘श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते । यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥’ आकार पिंपळपानाचा, त्यामुळे अक्षरे गेली तरी कडेवरून ओळखू येते. चंद्रकोर जाऊन इथे थेट आकाश आले. जिच्या आश्रयाला असलेल्याची सत्ता सगळ्यांवर चालते, हा सूरही बापाच्या मुद्रेपेक्षा कितीतरी चढा आहे.

राजाराम महाराजांच्या बाबतीत फसगत होते, कारण एका मुद्रेत त्यांनी वडिलांची पहिली ओळ जशीच्या तशी ठेवली आणि पुढे ‘शिवसूनोरियं मुद्रा राजारामस्य राजते’ असे घातले. पहिल्या ओळीवर विसंबलात तर इथे हमखास चुकाल. त्यांची दुसरी मुद्रा ‘धर्मप्रद्योतिताशेषवर्णा दाशरथेरिव’ अशी, म्हणजे नावावरून दाशरथी रामाशी जोडलेली.

शाहूंच्या मुद्रेत पुन्हा ‘वर्धिष्णु’ येतो, पण चंद्राऐवजी वामन. लहान दिसणारा आणि तीन पावलांत सगळे व्यापणारा. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतलेल्या राजाने आजोबांचा शब्द उचलावा आणि उपमा बदलावी, हे मला या सगळ्या मालिकेतले सर्वात हुशारीचे काम वाटते.

फलकावर याआधीची पायरी दाखवायची तर जिजाबाईंची मुद्रा घ्या. ती फारसीत आहे, आणि तीत त्यांची ओळख ‘वालिदा-ए राजा शिवाजी’, शिवाजीराजांची आई, अशी दिली आहे. त्या पिढीच्या दफ्तरी रिवाजाशेजारी संस्कृत श्लोकाची मुद्रा ठेवली की बदल किती मोठा होता ते न सांगता कळते.

---

बंदसांधा

दौतटाक यांनी मुद्रा सांगितल्या, मी कागदावरची जागा सांगतो. अर्धवट ठसा ओळखायला तीही उपयोगी पडते.

मुख्य मुद्रा पत्राच्या माथ्याकडे. मजकूर संपतो तिथे लहान ठसा, तो मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबात ‘मर्यादेयं विराजते’ आहे. इथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती बनावट, एवढाच त्याचा अर्थ. पेशव्यांकडे त्याच जागी ‘लेखनसीमा’. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण एका दमात बोलतो, पण ते दोन वेगळे ठसे आहेत: शिक्का वर, मोर्तब खाली.

लांब पत्र म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले कागदाचे बंद. सांध्यावर पाठीमागून ठसा मारत, अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद बदलला तर दोन अर्धी जुळत नाहीत. म्हणून तुमच्याकडच्या ‘अर्ध्या’ ठशांपैकी काही पुसलेले नसून सांधा सुटल्यामुळे अर्धे राहिलेले असू शकतात. कड सरळ रेषेत तुटलेली असेल तर सांधा समजा. विरत गेली असेल तर शाई उडालेली. पाठीचे फोटो नसतील तर आधी ते काढून घ्या.

आणखी एक, १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांची मुद्रा बदलली नाही, मायना बदलला. आधीच्या पत्रांत ‘अज रख्तखाने राजश्री सिवाजी राजे’ असा फारसी वळणाचा मायना आणि शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांच्या नावांत लिहिलेले दफ्तरी वर्ष. नंतर ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपति’. त्यामुळे मुद्रा तीच असली तरी मायन्यावरून पत्र १६७४ च्या अलीकडचे की पलीकडचे हे लगेच सांगता येते.

शुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून मे अखेरपर्यंत ६०० मिळवा. रांझ्याच्या पत्राचे वर्ष असेच लागते: सित अर्बैन अलफ म्हणजे ६ + ४० + १०००, म्हणजे १०४६, महिना जानेवारी, म्हणून अधिक ६००, झाले १६४६. अरबी आकडे एकम्-दहम्-शतम् अशा उलट्या क्रमाने येतात, तिथे घाई केली की शतक चुकते.

---

चौकडीराजा

पेशव्यांच्या शिक्क्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. त्यात आधी छत्रपतींचे नाव, मग ‘नरपति हर्षनिधान’, मग स्वतःचे नाव आणि ‘प्रधान’. छत्रपती बदलला की शिक्का नवा. १७४९ च्या डिसेंबरात शाहू वारले, त्यानंतरच्या शिक्क्यांवर ‘राजाराम नरपति’ दिसते. हे शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम नव्हेत, हे साताऱ्याचे रामराजे. १७७७ नंतर दुसरे शाहू गादीवर, म्हणून सवाई माधवरावांच्या काळात पुन्हा ‘राजा शाहू’. हे माहीत नसले तर पानपताच्या काळातला कागद पन्नास-साठ वर्षे मागे ढकलला जातो.

सरदारांच्या शिक्क्यांचा साचा वेगळा: देवाच्या किंवा धन्याच्या ‘चरणी तत्पर’, मग अमुकसुत तमुक. होळकरांचा ‘म्हाळसाकांत’ म्हणजे खंडोबा, शिंद्यांचा ‘जोतिस्वरूप’ म्हणजे जोतिबा. घराणे ओळखायला कुलदैवत पुरते.

---

दौतटाक

फोटोंबद्दल. ठसे काजळीच्या शाईचे आहेत, लाखेचे नव्हेत. याचा फायदा असा की कोणत्याही फोटो-संपादकात चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून फक्त लाल थर पाहिला की कागदाचे पिवळे-तपकिरी डाग फिके होतात आणि काजळी काळीच राहते. निम्मे ‘पुसलेले’ ठसे एवढ्यावर वाचता येतात. ते पुरले नाही तर अवरक्त प्रकाशातला फोटो, काजळी त्यातही काळी दिसते.

नव्याने फोटो काढताना कॅमेरा कागदाला समांतर, चौकटीत सेंटिमीटरची पट्टी, आणि प्रत्येक ठशाचे दोन फोटो: एक सरळ उजेडात, एक बाजूने अगदी तिरप्या उजेडात. तिरप्यात दाबाचा खळगा दिसतो. हाताने मारलेल्या ठशाची शाई एका अंगाला जड, दुसऱ्या अंगाला विरळ असते. वेगवेगळ्या तारखांच्या चार पत्रांवर शाईचा तोच थेंब त्याच जागी दिसला तर ती छपाई किंवा संगणकावरची चिकटवाचिकटवी समजावी. उलट शिक्क्याचाच एखादा तुटका कोपरा चारही ठिकाणी दिसला तर तो चांगला पुरावा, शिक्का एकच असल्याचा. शाईतले दोष बदलायला हवेत, धातूतले टिकायला हवेत. मोजमाप दोन दिशांनी घ्या, जुना कागद ओल खाऊन एकाच बाजूने ताणलेला असतो.

ठशावर ट्रेसिंग पेपर दाबून गिरवू नका. काजळी कागदात मुरत नाही, वर बसते, आणि उचलून येते. ओला बोळा तर मुळीच नको.

---

ढालतलवार

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: घेऊ नका.

ढाल, तिच्यावर शिरोभूषण, दोन्ही बाजूंना उभे प्राणी, खाली फितीवर ब्रीद, हा युरोपी साचा आपल्याकडच्या संस्थानांना अंगाबरोबर शिवून मिळाला तो १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात. बंगालच्या मुलकी सेवेतला रॉबर्ट टेलर हा हौशी चिन्हशास्त्री. ड्यूक ऑफ एडिंबरोच्या १८६९ च्या भेटीपासून तो संस्थानिकांसाठी अशी चिन्हे आखत होता. दरबारासाठी त्याने सुमारे ९० संस्थानिकांची चिन्हे केली आणि ती सुमारे पाच फूट लांबी-रुंदीच्या साटिनच्या निशाणांवर भरतकामाने काढून व्हाइसरॉय लिटनच्या हस्ते दिली गेली. निशाणे इतकी जड की मिरवायचा प्रश्न पडला.

आता तारखा जुळवा. सातारा १८४८ मध्ये खालसा. नागपूरकर भोसले १८५४. तंजावर १८५५. १८७७ ला यांपैकी एकही राज्य उभे नव्हते, म्हणजे या दरबारात त्यांना ढाल मिळण्याचा प्रश्नच नाही. साताऱ्याच्या नावाने फिरणारे रंगीत चित्र पुराव्याशिवाय फलकावर नको. साताऱ्याचे चिन्ह म्हणून मुद्राच लावा, ती कोणाकडून मिळालेली नव्हती.

ढालीचा भाग दाखवायचाच तर बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर घ्या, पण ही भोसले घराणी नव्हेत हे फलकावर स्पष्ट लिहा. नाहीतर ही सगळी एकाच घराण्याची उत्क्रांती आहे असा खोटा समज होईल. बडोद्याचे ब्रीद ‘जीन घर जीन तख्त’: खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. होळकरांचे संस्कृतात, ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’, उमेश म्हणजे शंकर सांगतो की करणाऱ्याला श्री मिळते. शिंद्यांच्या चिन्हात सूर्य आणि नाग. यातले साहित्य देशीच आहे, मांडणी तेवढी बाहेरची. होळकरांच्या नाण्यांवर अहिल्याबाईंच्या महेश्वर टांकसाळीत बेलपान आणि शिवलिंग होते, मल्हारनगरच्या नाण्यांवर सूर्यमुख. बेलपान, लिंग, सूर्य दाखवायला त्यांना ढालीची गरज पडली नव्हती.

मला महत्त्वाचा वाटणारा फरक बापाच्या नावाचा. मुद्रेत ‘अमक्याचा पुत्र तमुक’ असतो, म्हणून राजा बदलला की मुद्रा बदलते. ढालीत माणसाचे नावच नाही, ती संस्थानाची. त्यामुळे ढालीवरून कागदाचा काळ पन्नास वर्षांच्या आत आणता येत नाही, मुद्रेवरून आणता येतो. बंदोबस्त, मान, पदवी दाखवायला आपल्याकडे जरीपटका, मोर्चेल, अबदागिरी, नौबत होतीच. एकट्या ढालीने ते सगळे एका चित्रात कोंबले.

---

पानगळ

सर्वांचे आभार. शक ४४ चा फोटो लाल थरात पाहिला, ‘शिवराज’च्या आधी ‘…भुसूनो’ इतके लागले. म्हणजे शाहू. दुसऱ्या एका ठशात ‘वर्धिष्णुर्वि’ नंतर ‘श्व’ स्पष्ट आहे, पण दुसरी ओळ पूर्ण गेली आहे, आणि पत्रावर शक दिसत नाही.

---

दौतटाक

‘विश्व’ म्हणजे वामन नव्हे, चंद्रकोरीची ओळ. पण ती बाप आणि मुलगा दोघांची, म्हणून एवढ्यावर नाव टाकू नका. अक्षरे गेली तरी ओळीत किती जागा आहे ते मोजा: ‘शाहसूनोः’ ला लागूनच ‘शिवस्यैषा’ येते, ‘शिवसूनोरियं’ नंतर मात्र आधी ‘मुद्रा’. मधल्या भागात ‘द्रा’ चा जोडाक्षराचा फराटा डावीकडे दिसतो की उजवीकडे, एवढे तपासा. तेही लागले नाही तर मायना बघा. तोवर पाटीवर ‘शिवाजी किंवा राजाराम महाराजांची मुद्रा’ असे लिहा.

---

बंदसांधा

चौथा प्रश्न राहिला. सुताराला मजकूर देताना ‘प्रतिपच्चंद्र’ असा द्या. बाजारातल्या दहा फलकांवर ‘प्रतिपश्चंद्र’ कोरलेले दिसेल, ते अशुद्ध. मूळ शब्द प्रतिपद्, पुढे चंद्र. द् चा च् होतो, श् व्हायला कारणच नाही. ‘पश्चिम’, ‘पश्चात’ यांच्या सवयीने हात तिकडे वळतो.

प्रतिकृती नुसती पाहायला असेल तर अक्षरे सरळ. मुलांना ठसा मारू द्यायचा असेल तर आरशातल्यासारखी उलटी. खोदलेली अक्षरे कागदावर पांढरी आणि भोवती काळे, उठावाची अक्षरे काळी आणि भोवती पांढरे. कोणते हवे ते सुताराला आधी सांगा, कोरून झाल्यावर बदलता येत नाही. सागवानाच्या उभ्या रेषांत बारीक मात्रा-वेलांट्या तुटतात, म्हणून लाकूड आडवे कापलेल्या तोंडावर कोरायला सांगा किंवा चेहरा हातभर मोठा ठेवा. आठही बाजू समान आहेत ना ते कर्कटकाने एकदा बघून घ्या.

---

चौकडीराजा

अष्टकोन कुठे पाहिल्यासारखा वाटतो असे मुलांनी विचारले तर नौदलाचे निशाण दाखवा. २ सप्टेंबर २०२२ ला बदललेल्या निशाणावरची सोनेरी दुहेरी अष्टकोनी चौकट याच मुद्रेवरून घेतली आहे. आतला मजकूर मात्र ‘शं नो वरुणः’, तो मुद्रेचा नाही. हे दोन्ही एकाच पाटीवर लिहू नका, पाहणारे हमखास गल्लत करतात.