मदत हवी आहे: वीज नसलेल्या बागेत स्वयंसेवक ठेवायचे आहेत (दोडामार्ग)

नमस्कार मंडळी,

दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या अंगाला आमची बाग आहे. काजू, नारळ, सुपारी, त्यावर चढवलेली मिरी, थोडं जायफळ आणि रातांबे. रासायनिक खत-औषध सासऱ्यांच्या काळातच बंद झालं. विजेचा खांब बागेपर्यंत येत नाही. मधे वनखात्याची जमीन आहे, त्यामुळे तो विषयच सोडून दिलाय. एक किलोवॉटचे सौर पॅनल आहेत, 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या, स्वयंपाक चुलीवर आणि थोडा गोबरगॅसवर. पाणी वरच्या व्हाळातून (ओढ्यातून) पाइपाने उताराने येतं. एप्रिलअखेर धार बारीक झाली की विहीर.

येत्या डिसेंबरपासून वूफसारख्या (सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक पाठवणाऱ्या) माध्यमातून दोन-तीन स्वयंसेवक ठेवावेत असं घरात चाललंय. मोपाचं विमानतळ झाल्यापासून गोव्यात उतरलेला माणूस इथवर सहज येतो. एक जर्मन मुलगी आणि एक बंगळूरची, अशा दोघींनी आधीच विचारलंय. राहणं-जेवण आमचं, दिवसाला चार-पाच तास काम त्यांचं, पैशाचा व्यवहार नाही.

पहिली अडचण कागदाची. ई-पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा चालते, पण त्याबदल्यात पैसे किंवा कोणत्याही स्वरूपाचा मोबदला नको, असं लिहिलंय. मग आमच्या मांगरात (बागेतल्या घरात) राहणं आणि दोन वेळचं जेवण हा मोबदला धरतात का? परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची नोंद कळवणारा फॉर्म सी भरायचा हे ठाऊक आहे, पण 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानंतर त्यात काही बदललं का? राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली तर उपयोग होतो, की आम्ही पैसे घेतच नाही म्हणून ते लागूच नाही?

दुसरी गोष्ट माकडतापाची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाची. आमच्या तालुक्यात तो 2016 पासून आहे. त्याच्या गोचिडींचा जोर जानेवारी ते मे, आणि काजूचा हंगामही नेमका तोच. पाहुण्यांना सोसवेल असं हवामानही त्याच महिन्यांत. आम्ही पूर्ण बाह्या घालतो, अंगाला तेल लावतो, संध्याकाळी एकमेकांचे पाय तपासतो. पण हे नवख्या माणसाला येण्याआधी सांगायचं की आल्यावर? आधी सांगितलं तर कोण येईल, असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नाही.

शौचालय कोरडं आहे, दोन कप्प्यांचं, वर भुसा टाकायचा. त्याला कोणी नाक मुरडेल असं वाटत नाही, सासूबाईंनीही मुरडून झालंय.

आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त टोचतोय तो प्रश्न वेगळाच आहे. काजू-बी वेचायला वाडीतल्या चार बायका वर्षानुवर्षं येतात. स्वयंसेवकांची कुणकुण लागल्यावर त्यातली एक म्हणाली, "फुकट करणारी माणसा येतली, मगे आमचो रोज गेलो म्हणायचो!" हसून म्हणाली, पण म्हणाली. त्यांची मजुरी कापून मला सेंद्रिय शेतीचा देखावा करायचा नाही. कोणी हे निभावलंय का?

(हत्ती दिसतील का, असंही त्या जर्मन मुलीने विचारलंय. ते दिसू नयेत म्हणून आम्ही केळी लावणं सोडलं, हे तिला कसं समजावू?)

प्रतिसाद 1 (राजापूर)

ताई, आमच्याकडे तीन हंगाम माणसं आली आहेत. व्हिसाचं इथे कोणी ठामपणे सांगितलं तरी मानू नका. त्या "मोबदला" शब्दाचा अर्थ परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फॉर्म आणि कृषी पर्यटनाचंही त्यांना आणि पर्यटन संचालनालयाला लेखीच विचारा. आम्ही पहिल्या वर्षी फक्त भारतीय मुलं घेतली. तुम्हीही बंगळूरच्या मुलीपासून सुरुवात करा.

मजुरीबद्दल आमचा नियम साधा आहे. ज्या कामाला आजवर रोज दिला, ते काम स्वयंसेवकाला द्यायचं नाही. बी वेचणं, नारळ पाडणं, बेणणी (तण काढणं) वाडीकडेच. स्वयंसेवकांना अशी कामं, ज्यांना आम्ही कधी पैसे देऊच शकलो नसतो: डिसेंबरात व्हाळावर पोती रचून वनराई बंधारा, पाल्याचं खत, रोपवाटिका, पडलेला चिऱ्याचा गडगा. शिवाय मिरीचे वेल बांधायला, झावळांचं झाप विणायला शिकवायचं असेल तर वाडीतल्या बायकांना त्या दिवसाचा पूर्ण रोज द्या. पाहुण्यांमुळे त्यांना जास्तीचं काम मिळालं की कुरबूर आपोआप थांबते.

प्रतिसाद 2 (सत्तरी, गोवा)

विजेचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण तो करून ठेवा. तुमच्या बॅटऱ्या भरल्यावर 3600 वॉट-तास. लेड-ॲसिड असतील तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे 1800. हल्ली स्वयंसेवक लॅपटॉप घेऊन येतात. तिघांनी 60 वॉटचा लॅपटॉप रात्री चार-चार तास लावला तर 720 गेले, वर दिवे आणि फोन. लॅपटॉप फक्त 11 ते 3. तेव्हा बॅटऱ्या भरत आलेल्या असतात आणि जास्तीचं ऊन वायाच जातं. हा नियम भिंतीवर लिहा.

माकडताप आधीच सांगा, या बाबतीत तुमचंच बरोबर आहे. जो ऐकून येतो तोच पाय झाकून फिरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही आरोग्य केंद्राला, हेही लिहा. सापांचं तसंच. आपल्याकडच्या सर्पदंशावरच्या लशीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारच येतात, चापडा हा विषारी साप त्यात नाही. चावल्यावर साप ओळखत बसायचं नाही, थेट ग्रामीण रुग्णालय. तिथे लस आहे ना, हे हंगामाआधी स्वतः जाऊन विचारा. गाडी रात्रीही चालू होईल अशी हवी.

अजून एक. ओले काजूगर सोलायचा मोह सगळ्यांना होतो. सालीतल्या चिकाने हात भाजून निघतात. खोबरेल लावल्याशिवाय कोणाला बसू देऊ नका.

मूळ लेखिका

दोघांचेही आभार. नोंदणी कार्यालयाला आज ईमेल केला. उत्तर येईपर्यंत जर्मन मुलीला थांब म्हणून कळवलंय. बंगळूरच्या मुलीला माकडतापासकट सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "बूट कसले आणू?" नवरा गप्प आहे.

रोजाचा नियम आजच वाडीत जाऊन सांगितला. झाप विणायला शिकवायचा रोज किती, यावर लगेच घासाघीस सुरू झाली, म्हणजे पटलं असावं.

आता एवढंच हवं आहे: येण्याआधी पाठवायचं माहितीपत्रक मराठी किंवा हिंदीत कोणी तयार केलं असेल तर इथे टाकाल का? आणि गोबरगॅसबद्दल: दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं, आमच्या तीन गुरांचं तेवढं होत नाही. माणसं वाढल्यावर खरकटं त्यात किती घातलेलं चालतं?