छोट्या उपाहारगृहात गाणी लावण्यासाठी नेमके कोणाकोणाचे परवाने घ्यावे लागतात?

नमस्कार. सांगलीत माझे सहा टेबलांचे उपाहारगृह आहे. सकाळी सातला शटर उघडले की गल्ल्याशेजारच्या फळीवरील स्पीकरवर अभंग लागत आणि दुपारी भावगीते. मोबाइलमधील अ‍ॅपची वर्गणी मी दरमहा भरतो. गेल्या आठवड्यात एका परवाना कंपनीचे प्रतिनिधी आले, वार्षिक शुल्काचा कागद हातात ठेवून पंधरा दिवसांत भरणा न केल्यास कारवाई होईल, असे सांगून गेले. त्यांच्याकडे कोणत्या गाण्यांचे हक्क आहेत, या माझ्या प्रश्नावर "सगळीच" एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर मी शोध घेतला. अ‍ॅपची वर्गणी खासगी ऐकण्यापुरतीच असते, हे मी आधी पाहिले नाही, ही चूक माझी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकाच गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द-चालीसाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी आयपीआरएस ही या कायद्याखाली नोंदणीकृत संस्था आहे. ध्वनिमुद्रणासाठी मात्र गाणे कोणत्या कंपनीचे आहे त्यानुसार पीपीएल, नोव्हेक्स, आरएमपीएल अशी परवाना देणाऱ्यांची दारे बदलतात. नोंदणीकृत नसलेल्या कंपनीला असे परवाने देता येतात का, यावर मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये परस्परविरोधी निकाल दिले असून मुंबईचा निकाल कंपन्यांच्या बाजूचा आहे. म्हणजे महाराष्ट्रात एक पावती पुरणार नाही, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

दुसरी शंका अभंगांविषयी आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, म्हणून 1964 पर्यंतची ध्वनिमुद्रणे आता मोकळी झाली असावीत. तुकोबांचे शब्द तर कोणाच्याच मालकीचे नाहीत. पण चाल संगीतकाराची, आणि तिचा हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. मग जुने अभंग लावतानाही आयपीआरएसचा परवाना घ्यावाच लागेल ना?

पैसे देण्याची माझी तयारी आहे. ज्यांच्या चालींवर माझी सकाळ सुरू होते त्यांच्यापर्यंत किंवा त्यांच्या वारसांपर्यंत ते पोहोचावेत, एवढीच इच्छा आहे. कंपनीकडून गाण्यांची यादी आणि हक्क हस्तांतराची कागदपत्रे लेखी मागावीत का, आणि छोट्या जागेसाठी शुल्क कमी करून मिळते का, हे अशा परवान्यांचा अनुभव असलेल्या हॉटेल किंवा सलूनचालकांनी कृपया सांगावे. मुदतीचे आठ दिवस उरले आहेत आणि स्पीकर सध्या बंद आहे.