उपवासाचं सैंधव आणि गरोदरपण (बी विंग ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

शुभदाकाकू, 101: श्रावण आहे म्हणून सैंधवच वापरतोय सगळे. गरोदर सुनेलाही रोज तेच चालेल ना? नैसर्गिक असतं म्हणतात.

डॉ. मेधा, 404: काकू, सोमवारच्या खिचडीत चिमूटभर पडलं तर काही बिघडत नाही. पण महिनाभर आमटी-भाजीत तेच नको. साध्या सैंधवात आयोडीन नसल्यासारखंच असतं. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं सैंधव मिळालं तर खुशाल वापरा.
बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण 12 व्या आठवड्यापासून हळूहळू कामाला लागते, नीट जम बसायला 18-20 आठवडे. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन (आयोडीनपासून बनणारं थायरॉइडचं हार्मोन) आईकडूनच येतं. त्यात आईच्या लघवीवाटे आयोडीनही जास्त जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना एरवीच्या 150 ऐवजी गरोदरपणात रोज 250 मायक्रोग्रॅम सांगते. तीव्र कमतरतेत गर्भपात, बाळाला बहिरेपणा, बौद्धिक वाढ खुंटणं असे परिणाम होतात. सौम्य कमतरतेत आयोडीनच्या गोळ्यांनी मुलाच्या बुद्धीत किती फरक पडतो, याचे पुरावे मात्र अजून स्पष्ट नाहीत.

निखिल, 302: मग मीठच वाढवायचं?

डॉ. मेधा, 404: अजिबात नाही, बीपी वाढेल. नियमानुसार मिठात कारखान्यात किमान 30 आणि ग्राहकापर्यंत किमान 15 पीपीएम (म्हणजे ग्रॅममागे तितके मायक्रोग्रॅम) आयोडीन असावं लागतं. म्हणजे दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, 75 ते 150 मायक्रोग्रॅम. शिजवताना काही उडतं. उरलेलं दूध, दही, अंडी, समुद्री मासळीतून. फरसाण-पापडाचं मीठ हिशेबात धरू नका, ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही.
मीठ झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब, ओला चमचा न घालता. भाजीत शेवटी घाला. खडे मीठ धुऊन घेण्याची सवय असेल तर सोडा, आयोडीन पाण्याबरोबर जातं.
बाजरीची भाकरी बंद करू नका. तिच्यातले घटक थायरॉइडला अडवतात हे खरं, पण आयोडीन पुरेसं असताना रोजच्या जेवणातल्या बाजरीची धास्ती नको.

संजयदादा, 203 (मेडिकल स्टोअर): सरकारी लोह-फॉलिक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आयोडीन नाही. इतर गोळ्यांचं लेबल वाचा, बऱ्याच ब्रँडमध्येही नसतं. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल तर नकोतच. त्यांत प्रमाण बेभरवशाचं, आणि जास्त आयोडीननेही बाळाची थायरॉइड मंदावते.
थायरॉइडची गोळी चालू असेल तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा वाढवावा लागतो. ती उपाशीपोटी घ्यायची, लोह-कॅल्शियम चार तासांनी. एकत्र घेतल्या की गोळी नीट शोषलीच जात नाही, मग टीएसएच (थायरॉइड कमी पडली की रक्तात वाढणारं हार्मोन) वाढला म्हणून डोस वाढवत बसतात. आयोडीनच्या गोळ्या या बायकांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

निखिल, 302: बटाट्यावर मीठ-लिंबू टाकलं की निळं होतं, भेसळ आहे असा मेसेज फिरतोय.

डॉ. मेधा, 404: उलट. निळं म्हणजे आयोडीन आहे, बटाट्यातल्या स्टार्चमुळे रंग येतो. किती आहे ते मात्र त्यातून कळत नाही.
आणि काकू, बाळंतपणानंतर दूध पाजतानाही 250 च लागतात. डिस्चार्जआधी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच केली का, ते विचारा. शक्यतो जन्मानंतर 48 तासांनी. आईने आयोडीन नीट घेतलं तरी जन्मजात थायरॉइडचा दोष असू शकतो, आणि औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं.