मदत हवी आहे: वाड्याच्या भिंतीला लोणा (ओलीने वर येणारा खार) लागलाय, चुन्याचा गिलावा कसा करायचा?

वाईला आमचा जुना वाडा आहे, खाली दगडी जोतं आणि वर मातीत रचलेल्या विटांची भिंत. 2019 ला खालच्या 4 फुटांवर सिमेंटचा गिलावा केला तेव्हापासून ओल आतच कोंडते, लोणा फुटलाय, हात फिरवला की विटेचा भुगा पडतो. वॉटरप्रूफ रंग दोनदा मारला, एका पावसात पापुद्रे सुटले. पाइपलाइन चेक केली, गळती नाही. आता सिमेंट काढलंय आणि कळीचा चुना ड्रममध्ये भिजत घातलाय, 12 दिवस झाले. चुन्याची घाणी (चुना-वाळू दळून मळायची चक्की) जवळपास कुठे नाही, हातानेच मळावं लागणार. वाडा पाडायचा नाही हे नक्की. तर चुना अजून किती दिवस मुरवू, वाळू आणि सुरखीचं (विटांच्या पुडीचं) प्रमाण काय ठेवू आणि विटा पूर्ण वाळेपर्यंत थांबू का पहिला हात आत्ताच मारू?