मदत हवी आहे : हरणाच्या शिकारीत अंगाचा वास आणि विकतचे गंध

नमस्कार.

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील बेडफर्ड काउंटीत राहते. येथील सक्तीचे शिकार-प्रशिक्षण पूर्ण करून आणि परवाना काढून मी पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्याने शिकार करू लागले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, याची मला कल्पना आहे. त्यामुळे हा धागा येथील परवानाधारक शिकारीपुरताच मर्यादित राहावा, अशी विनंती आहे.

धनुष्यासाठी हरीण अगदी जवळ, वीस-पंचवीस यार्डांच्या आत यावे लागते. परंतु माझ्या मचाणाच्या टप्प्यात येण्याआधीच ते थबकते, नाक वर करते, जोरात फुरफुरते आणि शेपटी उभारून पळते. मचाण एका घळीच्या काठी, डोंगराच्या मधल्या उतारावर आहे. हरीण बिथरते ते बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि तेही खालच्या अंगाने वर येत असताना, म्हणून त्याला मी दिसत नसून माझा वासच लागत असावा, असा माझा अंदाज आहे.

कपडे मी बिनवासाच्या साबणाने धुते आणि झाकणाच्या पेटीत, ओकच्या वाळल्या पानांसोबत, गॅरेजमध्ये ठेवते. कारण घरात हिंग-लसणाची फोडणी आणि संध्याकाळची उदबत्ती चुकत नाही. चामड्याच्या बुटांऐवजी रबरी बूट घेतले आहेत आणि हंगामापुरते डोक्याला खोबरेल तेल लावणेही सोडले आहे. आता दुकानदार सक्रिय कोळशाचा थर असलेला महागडा पोशाख आणि वास मारणारे ओझोन यंत्र सुचवतो. ओझोन फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे ते यंत्र घरात आणण्याची माझी तयारी नाही. पण त्या पोशाखावर खर्च करण्यात अर्थ आहे का? तसेच नोव्हेंबरात, म्हणजे माजाच्या ऐन काळात, मादीच्या मूत्राचा गंध वापरून नराला जवळ आणता येते असे सांगतात. तो येथे वापरावा का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

हरीण संध्याकाळी आणि खालच्या अंगाने येतानाच बिथरते, हे आपले निरीक्षण मला कपड्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. ऊन चढले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि डोंगर सावलीत गेला की तीच हवा गार व जड होऊन घळीत उतरते. त्यामुळे हवामानखात्याने सांगितलेला वारा कोणताही असो, तो मंद असेल तर मावळतीला आपला वास थेट खालून येणाऱ्या हरणाकडे जातो. हे मचाण ऊन वर आल्यानंतरच्या वेळेसाठी ठेवावे आणि संध्याकाळसाठी हरणाच्या वाटेच्या खालच्या बाजूला दुसरी जागा शोधावी. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी शिकारी वापरतात ती पावडरची बाटली फक्त हाताजवळचा वारा दाखवते. येथे माळावर उगवणारे मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातले आहे. त्याच्या बोंडातली एकेक म्हातारी मचाणावरून सोडून पाहिलीत, तर हवा कोठे वळते आणि कोठे घुटमळते ते बरेच दूरपर्यंत दिसते.

सक्रिय कोळसा वास शोषतो हे खरे, पण त्याची क्षमता संपते आणि घरगुती ड्रायरच्या उष्णतेने तो पूर्ववत होत नाही. शिवाय श्वास, केस आणि चेहरा उघडेच राहतात. घाम आणि त्यावर वाढणारे जिवाणू यांतून वास सतत निर्माण होत असतो, म्हणून मचाणापर्यंत हळू चालणे आणि जाड कपडे वर चढल्यावर घालणे यांचा उपयोग मला त्या पोशाखापेक्षा अधिक वाटतो. फोडणीची फार चिंता करू नये. वस्तीजवळच्या हरणांना स्वयंपाकाचे वास सवयीचे असतात, त्यांना बिचकवतो तो रानातला माणसाचा ताजा वास.

मूत्राच्या बाटलीबाबत मात्र सावध राहा. ती बहुधा पाळीव हरणांपासून भरलेली असते, आणि हरणांना झिजवून मारणाऱ्या क्षयकारी रोगाचे (सीडब्ल्यूडी) प्रायॉन, म्हणजे तो रोग पसरवणारी विकृत प्रथिने, मूत्र व लाळेतून बाहेर पडून मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पेनसिल्व्हेनियात हा रोग २०१२ साली प्रथम आढळला आणि आपली काउंटी सुरुवातीच्या बाधित भागांपैकी आहे. गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याने, आखलेल्या रोगव्यवस्थापन क्षेत्रात असे नैसर्गिक गंध उघड्यावर वापरण्यास आणि जवळ बाळगण्यासही बंदी आहे. क्षेत्रांच्या सीमा बदलत असल्यामुळे दर हंगामाआधी नकाशा पाहावा. प्रयोग करायचाच असेल, तर नर जिच्यावर कपाळ व डोळ्यांजवळील ग्रंथी घासतात अशी लोंबती फांदी निवडून माजावरचा नर उकरतो तशी तिच्याखालची जमीन, गंध न टाकता, नुसती उकरून ठेवावी. मात्र अशा जागी नर बहुतांशी रात्रीच फिरकतात, हे लक्षात असू द्यावे.

आपण मचाणापर्यंत कोणत्या बाजूने चालत जाता आणि ती वाट हरणांच्या वाटेला कोठे छेदते, हेही कृपया लिहावे.